मदत हवी आहे : चेहऱ्यावरील लाल पुळ्या आणि औषध सुरू केल्यावर वाढलेली लाली

नमस्कार. माझ्या 16 वर्षांच्या मुलीच्या गालांवर आणि हनुवटीवर गेले काही महिने लाल, दुखऱ्या पुळ्या येत आहेत. काहींच्या टोकाला पू दिसतो. कपाळावर मात्र नुसते बारीक काळे-पांढरे ठिपके आहेत. त्वचारोगतज्ज्ञांनी तारुण्यपीटिका असल्याचे सांगून रात्री लावण्यासाठी ॲडापलीन 0.1 टक्के आणि सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के दिले आहे. ते सुरू केल्यापासून नाकाच्या कडेची आणि ओठांच्या कोपऱ्यांची त्वचा सोलवटली आहे, पाणी लागले तरी चुरचुरते आणि चेहरा पूर्वीपेक्षा लाल दिसतो. शाळेत जाताना ती केसांची बट गालावर ओढून घेते, ते पाहून जीव तुटतो.

ही लाली पुळ्यांची की औषधाची, हे कसे ओळखावे? औषध बंद करावे का? स्टिरॉइडचे मलम लावल्यास लाली दोन दिवसांत उतरते असे एका नातेवाइकांनी सुचवले आहे, ते लावणे योग्य ठरेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

नमस्कार ताई. मी त्वचारोग विभागात परिचारिका आहे. उपचारांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच राहील, पण स्टिरॉइडचे मलम कृपया लावू नका, हे आधी सांगते. ते दाह दडपते म्हणून लाली झटपट उतरते. पुढे मात्र त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुळ्या वाढतात आणि मलम थांबवले की लाली दुपटीने उसळते.

वयात येताना ॲन्ड्रोजेन संप्रेरकांमुळे केसांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथी जास्त तेल तयार करतात आणि मृत पेशी त्या तेलात चिकटून छिद्राचे तोंड बुजते. कपाळावरचे ठिपके म्हणजे हीच बुजलेली छिद्रे. आत अडकलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू वाढतात, शरीर त्यांचा प्रतिकार करू लागते आणि त्या दाहातून लाल, दुखरी पुळी तयार होते. मूळ इतके आत असल्याने चेहरा वारंवार धुऊन किंवा घासून उपयोग होत नाही, उलट त्वचा अधिक चिडते. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा धुणे पुरेसे आहे.

पुळीची लाली तिच्याभोवतीच असते आणि बोट लावल्यावर तिथे टणक, दुखरे लागते. औषधाची लाली सपाट असते, औषध लागलेल्या भागभर पसरते आणि तिच्यासोबत कोरडेपणा, साल निघणे, चुरचुरणे असते. तुमच्या वर्णनावरून मला ही दुसरी वाटते. पुळी बसल्यावर मागे उरणारा, न दुखणारा लाल डाग ही आणखी वेगळी गोष्ट. तो फिका पडायला महिने लागतात, म्हणून तो दिसला की औषध निरुपयोगी ठरले असे समजू नये.

डॉक्टरांना फोन करून ॲडापलीन एक रात्र आड लावावे का ते विचारा. सुरुवातीच्या आठवड्यांत बहुधा तसेच सांगितले जाते. चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, वाटाण्याएवढे औषध पुळीवर न थापता सगळ्या चेहऱ्याला पातळ लावावे; पापण्या, नाकाच्या कडा आणि ओठांचे कोपरे वगळावेत. आधी मॉइश्चरायझर लावले तर चुरचुर बरीच कमी होते. सकाळी एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन हवेच. खरा फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात आणि त्याआधीच कंटाळून औषध सोडणारे मी फार पाहिले आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो, त्यामुळे टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा ठेवा.

पापण्या किंवा ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या तर मात्र औषध लगेच थांबवून डॉक्टरांकडे जा. श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट रुग्णालय गाठा. खोल गाठी येऊ लागल्या किंवा खळगे पडू लागले तरी पुढच्या तारखेची वाट पाहू नका, कारण पडलेले खळगे भरून काढणे अवघड असते. अशा वेळी डॉक्टर पोटातून घेण्याच्या औषधांचा विचार करतात.

एक विचारायचे राहिले : तिची पाळी नियमित येते का आणि हनुवटीवर राठ केस येत आहेत का? पाळी अनियमित असेल किंवा असे केस येत असतील तर संप्रेरकांची तपासणी लागू शकते, म्हणून डॉक्टरांना हेही आवर्जून सांगा.