'मायक्रो' नक्की कोण? अल्ब्युमिन की आकडा?

सासऱ्यांचा रिपोर्ट काल परळच्या एका लॅबमधून आणला, त्यावर "युरिन मायक्रोअल्ब्युमिन" असं छापलंय आणि बाबांनी (सासरे, १२ वर्षं शुगर आहे) ते वाचून जाहीरच करून टाकलं की मायक्रो आहे ना, मग बारीकच असणार, आणि शेजारच्या काकूंना सांगून पण आले की किडनीची चाळणी एकदम शाबूत. रेशो आलाय ८४. डॉक्टर सोमवारी भेटणार. तोपर्यंत मला शब्दाचंच सांगा, मायक्रोअल्ब्युमिन म्हणजे अल्ब्युमिनचा धाकटा भाऊ का? आणि मराठीत काय म्हणू? "सूक्ष्म अल्ब्युमिन" म्हटलं तर बाबा आणखीनच पाय पसरून बसतील.

—

ताई, मी लॅबमध्येच काम करतो, हा प्रश्न काउंटरवर रोज येतो. धाकटा भाऊ वगैरे कोणी नाही, अल्ब्युमिन तेच, रक्तातलं प्रोटीन. मायक्रो लागलंय ते प्रमाणाला, म्हणजे लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीवर धड उमटणार नाही इतकं कमी. तुमचा रेशो म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ) प्रमाण. १ ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० ला जुन्या भाषेत मायक्रो म्हणायचे आणि ३०० च्या वर गेलं की मॅक्रो. २०१२ च्या केडीगो (किडनीच्या आजारांवरची आंतरराष्ट्रीय संस्था) गाइडलाइन्सनी हा शब्दच सोडून द्या म्हटलं, "मध्यम वाढलेलं" आणि "खूप वाढलेलं" असं म्हणा, पण रिपोर्टचे फॉरमॅट कोण बदलतो. त्यामुळे ८४ म्हणजे बारीक नाही, वाढलेलंच. पण लगेच घाबरू पण नका, ताप, लघवीचं इन्फेक्शन, आदल्या दिवशी दणकून व्यायाम, यानेही तात्पुरतं वाढतं, म्हणून ३ ते ६ महिन्यांत तीनदा तपासून दोनदा वाढलेलं आलं तरच खरं धरतात. सॅम्पल सकाळच्या पहिल्या लघवीचं द्या.

आणि एक, लोक येऊन "क्रिएटिन वाढलं" म्हणतात. क्रिएटिन म्हणजे ती जिमवाल्या पोरांची पावडर. रिपोर्टमध्ये असतं ते क्रिएटिनिन.

—

मायक्रोवरून आठवलं, बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन नावाचं प्रोटीन पण असतं ना? तिकडे पण प्रमाणच कमी का?

—

नाही, तिथे उलटं! तिथे रेणूच छोटा आहे, अल्ब्युमिनच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढा. उपसर्ग एकच, पण एकीकडे आकडा बारीक आणि दुसरीकडे वस्तू बारीक.

—

मी मराठीचा शिक्षक, आता रिटायर, दादरला असतो. मेडिकलचं मला कळत नाही पण "चाळणी"ला माझा आक्षेप आहे. चाळतो आपण पीठ, रवा. चहा चाळत नाही, गाळतो. रक्त पातळ आहे तेव्हा किडनीची गाळणी म्हणा.

—

सर, मान्य, पण गाळणी म्हटलं तरी काम अर्धंच सांगून होतं. गाळायचं काम करतात त्या केशवाहिन्यांच्या बारीक गुंड्या. ग्लोमेरुलस म्हणतात ना, तो शब्दच मुळी लोकरीच्या गुंड्यावरून आलाय. दिवसाला १८० लिटर वगैरे गाळतात आणि बाहेर पडते दीड-दोन लिटर लघवी, मग बाकीचं कुठे जातं? पुढच्या नळ्या परत वेचून घेतात, पाणी, मीठ, साखर, छोटी प्रोटीन्स, सगळं. या नळ्या बिघडल्या की गाळणी शाबूत असून पण माल बाहेर जातो, आणि तेव्हा लघवीत सापडतं ते छोट्या रेणूंचं प्रोटीन, जे मुळातच गाळणीतून पलीकडे येतं आणि नळ्यांनी उचलायचं राहून जातं. पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन पकडते, तिला हे दिसतच नाही, वेगळी टेस्ट सांगावी लागते.

जपानमध्ये जिंझू नदीच्या काठी कॅडमियममुळे असंच झालं होतं, आधी नळ्या गेल्या, मग हाडं. त्या आजाराचं नाव इताई-इताई, म्हणजे "दुखतंय, दुखतंय".

—

वेचणे! पुस्तकात पुनर्शोषण लिहितात, वाचूनच तहान लागते. वेचणे झकास आहे. आणि नलिका पण बरोबर बसतो बघा, नळ, त्याहून छोटी नळी, त्याहून नाजूक नलिका. फक्त पेपरवाले मूत्रवाहिनीलाही मूत्रनलिका म्हणतात आणि मूत्रमार्गालाही, मग वाचणाऱ्याने काय समजायचं.

—

आणि असं बिघाड दाखवणारं जे टेस्टमध्ये मोजतात, त्या मार्करला काय म्हणायचं? आमच्याकडे मार्कर म्हणजे फळ्यावर लिहायचं पेन.

—

शाळेत लिटमसला दर्शक म्हणायचो, तेच घ्या. "चाहूल" मला फार आवडला असता, केआयएम-वन वगैरे जे प्रोटीन असतं ते नळ्यांना इजा झाल्याची चाहूलच देतं, पण चाहूल मोजून रिपोर्टमध्ये कशी लिहिणार.

—

आता माझा शेवटचा घोळ. त्याच रिपोर्टमध्ये लघवीत साखर चार प्लस आणि उपाशीपोटी रक्तात ११२. बाबा म्हणतात "साखर उतरली". सासूबाई म्हणतात अगं लघवीत साखर उतरली म्हणजे वाईट ना. दोघं सकाळपासून भांडतायत.

—

ताई, बाबा डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेतात का? ग्लिफ्लोझिनवाली कुठली पण गोळी?

—

हो, पहिली. एप्रिलपासून.

—

मग दोघं पण बरोबर! गाळलेली बहुतेक साखर नळ्यांच्या सुरुवातीलाच परत वेचली जाते, ही गोळी ते वेचणं कमी करते. एरवी रक्तात १८० च्या आसपास गेल्याशिवाय लघवीत साखर येत नाही, गोळी चालू असेल तर ११२ ला पण येते. रक्तातून उतरली आणि लघवीत उतरली, उतरणे एकच. डायबेटीसमध्ये नळ्या साखर आणि मीठ जास्तच वेचतात, त्याने गाळणीवर प्रेशर वाढतं, ते या गोळीने कमी होतं म्हणून किडनीसाठी पण देतात. गोळी मनाने बंद करू देऊ नका, लघवीतली साखर बघून बरेच जण तेच करतात.

—

आणि मधुमेहातलं हे "मेह" तरी काय, मिह् म्हणजे शिंपडणे, मूत्र टाकणे, मेघ पण त्याच धातूचा मानतात. जुन्या वैद्यकात २० प्रमेह, त्यात मधुमेह आहे तसा उदकमेह पण आहे, नुसतं पाण्यासारखं होणारा.

—

सर, मेघ नको, खिडकीबाहेर आहेच तो. सासूबाईंना "दोन्ही उतरली" वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मग सोमवारी डॉक्टरांना पण असंच नीट मराठीत विचार.