'मन कोरं ठेवा' म्हणजे नक्की काय करायचं?

अर्धविराम: परवाच्या लेखात म्हटलं होतं, 'मुलांचं मन कोरी पाटी असतं, म्हणून ती भराभर शिकतात. मोठ्यांनी पूर्वग्रह टाकले की त्यांनाही जमेल.' राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय. अठरा वर्षं शाळेत गणित शिकवतोय, कोरी पाटी एकदाही भेटली नाही. कान मिटायला तर पाळण्यातच सुरुवात होते. वेर्कर आणि टीस यांचा १९८४चा अभ्यास घ्या. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले 'ट' आणि 'त' वेगळे ओळखत होती. वर्षाची होत आली तशी बहुतेकांना तो फरक कळेनासा झाला. घरच्या भाषेवर कान बसतो, त्याचीच ही दुसरी बाजू. मग कुठला पूर्वग्रह टाकायचा?

गवतफूल: सर, सोयीचं तेवढं उचललंत. गॉपनिक आणि सहकाऱ्यांचा २०१४चा प्रयोग का गाळलात? ठोकळे ठेवले की वाजणारं यंत्र. एकेकट्या ठोकळ्याने ते वाजत नाही, दोन मिळून ठेवले तरच वाजतं, हे चार-पाच वर्षांच्या मुलांनी पटकन पकडलं. मोठी माणसं 'यातला कुठला एक?' यातच अडकून बसली. याला मोकळं मन नाही तर काय म्हणायचं?

अर्धविराम: आणि २००५चा हॉर्नर आणि व्हाइटन यांचा पारदर्शक डबा? माणसाने काठीने करून दाखवलेल्या काही हालचालींचा आतलं बक्षीस मिळण्याशी संबंध नाही, हे डोळ्यांनी दिसत होतं. चिंपांझींनी त्या बहुतेक गाळल्या. तीन-चार वर्षांच्या मुलांनी जशाच्या तशा केल्या. हेही मोकळं मनच का?

आजोळ: नक्कल करूनच तर शिकतं माणूस. आधी हात चालतो, कारण मागाहून कळतं.

जुनीसायकल: तुमचे डबे-ठोकळे जरा बाजूला ठेवा. मी एक्कावन्नाव्या वर्षी सायकल शिकले. दोन्ही ब्रेक इतके घट्ट आवळून धरायची की चाक फिरायच्या आधीच सायकल आडवी. माझं मन बंद नव्हतं, मला शिकायचंच होतं. पण तिसऱ्यांदा पडले तेव्हा नवऱ्याने व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पुढचे चार महिने सायकलला हात लावला नाही. कॅरन अॅडॉल्फ यांनी २०१२ साली नुकती चालायला लागलेली मुलं मोजली: तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तासाला सतरा! त्या पोरांचं कोणी व्हिडिओ काढून हसं करतं का?

शंकासुर: ताई, घरातली मस्करी एवढी मनाला लावून घ्यायची नसते. मुलं घेत नाहीत, म्हणूनच शिकतात. मोठ्यांचा अहंकार आडवा येतो, मूळ लेखाचा मुद्दा हाच होता.

जुनीसायकल: कोण म्हणतं घेत नाहीत? सात-आठ वर्षांच्या पोराला चारचौघांत हसून बघा, पुन्हा तोंड उघडतं का ते. मला अहंकारी म्हणण्याआधी स्वतः शेवटचं काय नवीन शिकलात ते सांगा.

शंकासुर: विषय माझा नाही.

गवतफूल: मग ताईंचाही नव्हता. 'अहंकार' तुम्हीच आणलात.

अर्धविराम: धागा सायकलवर गेला म्हणून वैतागलो होतो. पण ताईंचं म्हणणं मान्य करावं लागतंय, मनापासून नसलं तरी. पाचवीच्या वर्गात एका मुलीने 'शून्याने भागलं तर शून्यच उरेल ना?' असं विचारलं. प्रश्न चांगला होता. मी हसलो, पाठोपाठ वर्ग हसला. वर्षभर तिचा हात वर आला नाही. कोरी पाटी नसतेच, यावर मात्र मी ठाम आहे.

जुनीसायकल: पाटी राहू द्या सर. नंतर तिच्याशी बोललात का?

अर्धविराम: नाही. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या तुकडीत गेली.