दोन-अडीच वर्षांच्या मुलाचा सांगाडा: बरगड्यांवरच्या गाठी मुडदुसाच्या की माराच्या? मदत हवी आहे

बडोद्यात एका जुन्या उत्खननातल्या सांगाड्यावर काम चालू आहे. दुसरी दुधाची दाढ बाहेर आलेली, पण मुळं अपुरी, म्हणून वय साधारण दोन ते अडीच वर्षं.

डाव्या सहाव्या ते आठव्या बरगडीवर मणक्यालगत भरून आलेल्या अस्थिभंगाच्या गाठी आहेत. सहावीवरची गुळगुळीत झालीय, बाकी दोन अजून सच्छिद्र. शिवाय उजव्या दंडाच्या हाडावर नव्या हाडाचा थर, डाव्यावर नाही. या वयात असा थर नुसत्या वाढीनेही येतो, पण मग तो दोन्हीकडे सारखा हवा.

पाहून झालेलं: बरगड्यांची पुढची टोकं फुगलेली नाहीत, पायांची हाडं वाकलेली नाहीत. स्फिनॉइडच्या (कवटीच्या तळाचं हाड) मोठ्या पंखावर स्कर्व्हीची (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) बारीक छिद्रं नाहीत (डावा पंख मात्र हरवलाय). तुटीच्या कडा हाडाच्या बाहेरच्या पृष्ठभागाच्याच रंगाच्या आहेत, म्हणजे फावड्याचा घाव नव्हे. दोन कोनांतून एक्स-रे काढले. मणक्याजवळचा भाग एकावर एक येतो, काही कळत नाही.

हाड कापायला परवानगी नाही. मायक्रो-सीटी (हाड न कापता आतले छेद दाखवणारं सूक्ष्म स्कॅन) दोनच तुकड्यांचं होईल. इजिप्तमधल्या केलिसच्या, मारहाणीच्या खुणा सापडलेल्या रोमनकालीन मुलाचं उदाहरण माहीत आहे, पण तिथे समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) चाचणीचीही जोड होती; इथे ती चाचणी शक्य नाही.

‘मारहाण’ हा शब्द अहवालात इतक्यात घालणार नाही. फक्त दोन जखमांमध्ये काळाचं अंतर होतं, एवढं तरी ठामपणे म्हणता यावं. त्यासाठी स्कॅनला सहावी आणि आठवी बरगडी द्यावी, की एक बरगडी आणि दंडाचं हाड? आणि छेदात नेमकं काय मोजावं?