चिखलाच्या रेसमध्ये गाडी उकळते, क्लच सैल पडतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

हौशी गटात मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरची मोटरसायकल रेस) चालवतो. गाडी २५० सीसी फोर-स्ट्रोक, केबलचा क्लच, रेडिएटरला पंखा नाही. सुक्या ट्रॅकवर तिची काडीची तक्रार नसते, अख्खी मोटो (रेसची एक फेरी, दिवसात अशा दोन) दामटली तरी. पाऊस पडून गेला आणि पार्कवाल्यांनी रेस रद्द न करता 'होऊन जाऊ दे' म्हटलं, की मात्र ठरलेलं नाटक सुरू होतं.

सुरुवातीचे लॅप बरे जातात. मग क्लचचा लिव्हर सैल लागायला लागतो. ग्रिपला टेकेपर्यंत दाबला तरी गाडी पुढे ओढतच राहते आणि न्यूट्रल काही सापडत नाही. म्हणून चालत्या गाडीवरच लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर फिरवून तो ताणून घेतो. थोड्या वेळाने ओव्हरफ्लोच्या नळीतून वाफ. टेबलटॉपच्या (सपाट माथ्याच्या उडीच्या) आधी एक वळण आहे, तिथल्या चाकोऱ्यांत सगळ्यांच्याच गाड्या पोटापर्यंत रुततात. वाफ हमखास तिथेच निघते. दुसऱ्या मोटोला आणखी वेगळा प्रकार: सुरुवातीचं गेट पडून रेस सुटली की इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी जागची हलायला तयार नाही.

तपासून झालेलं: कूलंट नवीन आहे, सुक्यात पातळी तसूभर खाली जात नाही. झाकण काढून थंड इंजिन चालू केलं तर बुडबुडे येत नाहीत, म्हणजे हेड गॅस्केट शाबूत असावं. पाण्याच्या पंपाखालचं भोक कोरडं आहे, म्हणजे पंपाचं सील गळत नसावं. तेल दुधाळ नाही, पण जळकट वास येतो. क्लच प्लेटची जाडी मर्यादेत आहे, मात्र स्टीलच्या प्लेटांवर निळसर डाग पडलेत.

पिटमध्ये तीन तोंडांची तीन मतं. एक म्हणतो मोठे रेडिएटर टाक, दुसरा जास्त प्रेशरचं झाकण लाव म्हणतो, तिसऱ्याला कडक क्लच स्प्रिंगांशिवाय काही दिसत नाही. तिन्ही एकदम करायची तयारी नाही. आधी कशाला हात घालू? 'चिखलात उतरूच नका' हा सल्ला घरून मिळतोच, तो इथे नको. :)

प्रतिसाद

>> स्टीलच्या प्लेटांवर निळसर डाग

इथेच उत्तर आहे. रेडिएटर नंतर बघा, आधी क्लच.

क्लच घसरवला की प्लेटा तापून फुगतात. सगळा गठ्ठा जाड झाला की प्रेशर प्लेट बाहेर सरकते, तिला ढकलणाऱ्या दांडीला, म्हणजे पुशरॉडला, रिकामी जागा मिळते आणि लिव्हरचा प्ले (क्लच पकडण्याआधीची मोकळी हालचाल) वाढतो. लिव्हर सैल लागतो तो यामुळे. प्लेटा झिजल्या तर उलटं होतं, प्ले कमी होत जातो. म्हणजे तुमच्या प्लेटा झिजलेल्या नाहीत, भाजलेल्या आहेत.

आता दुसऱ्या मोटोचं कोडं. गरम असताना तुम्ही केबल ताणता. मधल्या वेळात प्लेटा थंड होऊन पुन्हा आकसतात, केबल मात्र ताणलेलीच. प्ले शून्य झाला की लिव्हर न दाबताही क्लच अर्धवट सुटलेला राहतो, मग इंजिन बोंबलणारच. अ‍ॅडजस्टर रेसमध्ये फिरवायलाच दिलेला असतो, खुशाल फिरवा. फक्त पिटमध्ये आल्यावर तो मागे घ्यायचा आणि गेटवर जाण्याआधी प्ले परत बघायचा.

तुमच्या गाडीत इंजिन आणि क्लचला तेल एकच आहे का? असेल तर क्लचची सगळी उष्णता त्याच जेमतेम लिटरभर तेलात जाते आणि तिथून इंजिनात. वाफ त्याचाच पुढचा अंक.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, पण रेडिएटरला अगदीच निर्दोष सोडू नका. चिखलात वेग कमी म्हणजे वारा कमी, त्यात पुढच्या चाकाने उडवलेला चिखल फटींत बसतो. तरी मोठे रेडिएटर घेऊन काय होणार? तेही लिंपले जाणारच.

झाकणाबद्दल: १.१ बारच्या झाकणाखाली साधं पाणी साधारण १२२ अंश सेल्सिअसला उकळतं, १.८ बारखाली १३१च्या आसपास. कूलंट याच्याही थोडं वर जातं. म्हणजे वाफ उशिरा दिसेल, इंजिन तेवढंच तापलेलं असेल. कूलंट बाहेर फेकलं जाऊ नये यासाठी मी लावतो, पण त्याला इलाज म्हणणार नाही. शिवाय जुन्या होज पाइपांवर तो दाब येतो, हे झाकण विकणारा सांगत नाही.

धागाकर्ता

दोघांचे आभार. तेल एकच आहे. अ‍ॅडजस्टर मागे घ्यायचं डोक्यातच आलं नव्हतं, ते करून बघतो. पण क्लच न घसरवता त्या वळणातून निघायचं कसं? दुसऱ्यात मागचं चाक जागेवर फिरतं, तिसऱ्यात इंजिन गुदमरतं.

प्रतिसाद

मागचा स्प्रॉकेट एक-दोन दात मोठा घ्या. मग तिसरा गिअर क्लचला हात न लावता ओढेल. तिसऱ्यात चाकावर जोर कमी येतो, त्यामुळे ते जागेवर फिरून खणत बसत नाही. वळणाच्या आधीच गिअर ठरवा, उभे राहा, वजन किंचित मागे, नजर चाकोरीच्या तोंडाशी नाही तर जिथून बाहेर पडायचंय तिथे, आणि थ्रॉटल एकसारखा. मधेच बंद केलात की रुतलात. शक्य असेल तर मुख्य चाकोरी सोडून बाहेरच्या कडेने जा. लांबचा रस्ता आहे, पण पोट टेकत नाही.

टायर कुठले आहेत ते लिहिलं नाहीत. मिडियम टेरेनचे असतील तर मऊ मातीचे, उंच आणि विरळ गुटक्यांचे (टायरवरच्या रबरी ठोकळ्यांचे) घ्या. जवळजवळच्या गुटक्यांत चिखल भरला की चाक गुळगुळीत होतं, आणि मग माणूस क्लचच धरतो.

साखळी नेहमीपेक्षा थोडी ढिली ठेवा. स्प्रॉकेटच्या दातांत चिखल ठासला की ती आपोआप ताणली जाते आणि गाडी अडकल्यासारखी चालते.

प्रतिसाद

वजनावर कोणीच बोललं नाही. फेंडर आणि स्किड प्लेटमध्ये साचलेला चिखलही तोच क्लच ओढत असतो. स्किड प्लेट आणि इंजिन यांच्यामधल्या पोकळीत फोम ठासून भरा, रेडिएटरसमोर मात्र अजिबात नको. फेंडरच्या आतून सिलिकॉन स्प्रे मारा, चिखल धरत नाही. ब्रेकची डिस्क, सीट आणि फूटपेग यांच्यापासून स्प्रे लांब ठेवा.

आणि ते निळे डाग पडलेले स्टील परत बसवण्याआधी सपाट काचेवर ठेवून बघा. वाकलं असेल तर जाडी मर्यादेत असूनही उपयोग नाही, क्लच ओढतच राहणार. तेल तर बदलाच, जळकट वासाचं तेल पुढच्या रेसला नको. दोन मोटोंच्या मधे रेडिएटर धुताना प्रेशर वॉशर जवळून तिरका मारू नका, पत्र्याच्या त्या बारीक पट्ट्या लगेच आडव्या पडतात. मागच्या बाजूने, साध्या नळीने.