‘हिरमोड’ नाही, ‘भ्रमनिरास’ नाही. मग नेमका शब्द कोणता?

काल ‘गेट कार्टर’ (१९७१) पहिल्यांदाच पाहिला. दिग्दर्शक माइक हॉजेस, नायक मायकेल केन. ब्रिटिश गुंडपटांत याचं नाव फार आदराने घेतात. पाहून झाल्यावर जे वाटलं त्याला शब्द सापडत नाहीये. ‘हिरमोड’ ऐन वेळी सहल रद्द झाल्यावर मुलांचा होतो. ‘भ्रमनिरास’ माणसांबद्दल, तत्त्वांबद्दल. ‘अपेक्षाभंग’ जवळचा, पण त्यात काहीतरी मोडल्याचा आवाज आहे. इथे मोडलं काहीच नाही, नुसतं उणं राहिलं. ‘मिळमिळीत’, ‘सपक’ म्हणणं तर अन्यायच होईल. न्यूकॅसलची ती कळकट घरं, गेट्सहेडचा काँक्रीटचा बहुमजली वाहनतळ, रॉय बड यांचं संगीत, यांत सपक काय आहे? तरी मी कोरडाच राहिलो.

—

तुम्ही ‘सूडपट’ म्हणून पाहायला बसलात, तिथेच गडबड झाली असावी. माणूस सुडाने पेटतो. वचपा किंवा उट्टं काढायला, हिशेब चुकता करायला पेटावं लागत नाही. कार्टर भावाच्या मृत्यूचा छडा लावायला लंडनहून येतो, एकेकाला गाठून मारतो, पण चेहऱ्यावरची रेष हलत नाही. मी त्याला सूड म्हणणार नाही. तो हिशेब चुकता करतो.

—

बरंचसं पटलं. पण पुतणी असलेली ती अश्लील फिल्म पाहताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, तो सूडच आहे हो! तेवढा प्रसंग भिडला. पुढे पुन्हा सगळं थंड. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचं वाक्य वाचू नये.) शेवटी किनाऱ्यावर भाडोत्री मारेकऱ्याची गोळी त्याला लागते, कोळशाच्या खाणीतला टाकाऊ माल समुद्रात पडत असतो, आणि मला ना हळहळ वाटली, ना समाधान.

—

‘थिटा’ कसा वाटतो? कापड थिटं पडतं तेव्हा त्याच्या पोताला कुणी नावं ठेवत नाही, ते मापाला पुरत नाही एवढंच. ‘कीर्तीच्या मानाने चित्रपट थिटा पडला.’

—

‘थिटा’ घेतो, आभार! फक्त ‘पडला’ऐवजी ‘वाटला’ म्हणेन. माप माझं होतं, आणि ते मी इतरांच्या कौतुकावरून घेतलं होतं.