मदत हवी आहे: 16 अंशांच्या पाण्यात सहा तास, सातारा परिसरात सराव कसा करू?

कण्हेरकाठ:
धरणात रोज दोन-तीन तास पोहतो. अंतराची अडचण नाही, थंडीची आहे. 16 अंशांत सहा तास काढायचे आहेत. काल पिंपात बर्फ टाकून बसलो, चार मिनिटांत दातखीळ बसली, बोटं जुळेनात. लवकर सांगा, दिवस कमी आहेत.

थंडपाणी:
कुठे पोहायचंय? कधी? वेटसूट, म्हणजे ऊब धरणारा रबरी पोशाख, चालतो का? वजन किती? पिंपातलं पाणी मोजलं का?

भिलवडीकर:
सांगलीकडे कृष्णेत या. डिसेंबरात पहाटे चांगलं गार असतं.

थंडपाणी:
अहो, भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मगरी आहेत! आणि पहाटे मी स्वतः मोजलंय, 21 च्या खाली गेलं नाही.

भिलवडीकर:
आमची पोरं पिढ्यानपिढ्या त्याच घाटावर पोहतात.

वाईच्या काकू:
बाळा, अंगाला तिळाचं तेल चोपड, डिंकाचे लाडू खा. थंडी बाधत नाही.

थंडपाणी:
काकू, लाडू चालतील, पण तेलानं थंडी अडत नाही. इंग्लिश खाडी पोहणारे ग्रीस लावतात ते काखेत, मानेला कातडी सोलू नये म्हणून.

जुनाखेळाडू:
मिहिर सेन यांनी 1958 मध्ये इंग्लिश खाडी पार केली, तेव्हा कुठे होती ही पिंपं?

कण्हेरकाठ:
इंग्लिश खाडीच. जुलैत. वेटसूट चालत नाही. साधा पोशाख, एक टोपी, गॉगल. त्याआधी सहा तासांची पात्रता चाचणी इंग्लंडात डोव्हरला, तीन आठवडे आधी जातोय. वजन 61. पिंप आत्ता मोजलं, 7 निघालं.

थंडपाणी:
7 म्हणजे 16 नव्हे! शिवाय पोहताना अंग ऊब धरतं, पिंपात नुसतं बसून तेवढी धरत नाही. 20 पासून सुरू करा, दहा मिनिटं, मग अंशाअंशानं खाली. उतरल्यावर पहिली एक-दोन मिनिटं धाप लागते, तेव्हा घाई नको, लांब श्वास सोडत राहा. एकट्यानं कधीच नाही. बाहेर आल्यावर लगेच कढत पाण्याची अंघोळ करू नका, चक्कर येते. अंग आतून नंतरही काही वेळ गार होतच राहतं. आधी कोरडे कपडे, कानटोपी, मग गोड कोमट चहा. आणि तीन-चार किलो वजन वाढवा, त्याला काकूंचे लाडू उत्तम.

वाईच्या काकू:
पत्ता कळव, डबा पाठवते.

कण्हेरकाठ:
अर्ध्याऐवजी पाव लादी टाकली, 19 आलं. भाऊ घड्याळ घेऊन शेजारी उभा आहे. उतरतो.