रस्ता लोकांना विचारून करायचा की नाही?

गणेशखिंडकर
परवा मेट्रोच्या धाग्यावर एका सदस्याने लिहिलं: "रस्ता हे इंजिनिअरचं काम. सर्जन ऑपरेशनच्या आधी वॉर्डात मतदान घेतो का? पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर लोकांना विचारत बसले असते तर पन्नास वर्षं पूल झाला नसता." तिथेच एका ओळीत उत्तर देणार होतो, पण दोन दिवस डोक्यातून जाईना. म्हणून हा वेगळा धागा.

मतदान न घेता केलेलं ऑपरेशन आपण बघितलंय की. ह्याच रस्त्यावरच्या विद्यापीठ चौकातले आधीचे पूल २०२० च्या जुलैत, लॉकडाऊनमध्ये, पाडले. जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचे होते. आता दुमजली पूल, वर हिंजवडी मेट्रो आणि खाली गाड्या, म्हणून जुने नडले. हे सगळं इंजिनिअरांनीच केलं. चौकात भाजी घेणाऱ्या माणसाचा त्यात काडीचा हात नव्हता.

आणि "विचारा" म्हणजे आम्हाला पिलरचा व्यास ठरवायचा नाहीये. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुभाजकाच्या ग्रिलचा एक गज वाकवलेला आहे. सकाळी सात ते नऊ तिथे उभे राहा. घरकामाला येणाऱ्या बायका आधी डब्याची पिशवी पलीकडे ठेवतात, पदर कमरेला खोचतात आणि आडव्या होऊन त्या फटीतून सरकतात. जवळचा सिग्नल तिथून सातशे पावलांवर. मोजलीत. मधूनच कोणीतरी येऊन गज सरळ करून, रंग मारून जातं. आठवड्यात परत वाकतो. त्या बायकांना फक्त "कुठून ओलांडता?" एवढं विचारा, आणि तेही टेंडर निघायच्या आधी. माझं म्हणणं इतकंच.

माजी ओव्हरसियर
मूळ वाक्य माझंच. एकतीस वर्षं एका नगरपालिकेत काढली. कुठल्या ते सांगत नाही, माणसं अजून जिवंत आहेत.

मुख्य रस्त्यासाठी आम्ही नागरिकांची सभा लावली होती. मंडप, खुर्च्या, चहा. चौदा जण आले. त्यातल्या नऊ जणांना दुभाजकाला आपापल्या गेटसमोर तोंड हवं होतं. एकाने फाटकी चप्पल आणली होती, रस्त्याचा पुरावा म्हणून. एकाने मुलाच्या नोकरीचं काढलं. नऊ जणांना नऊ तोंडं दिली असती तर दुभाजक कसला, दात पडलेला कंगवा झाला असता. तुमच्या वाकलेल्या गजाचं म्हणाल, तर तो गज लोकांनीच वाकवलाय. सरकारी मालमत्तेचं नुकसान आहे ते.

दोनचाकीवाली
ओव्हरसियरकाका, सभा कधी होती? मंगळवारी सकाळी अकरा वाजता असणार. त्या वेळी कोण येतं? निवृत्त माणसं आणि दुकानदार. ती गजातून सरकणारी बाई तेव्हा तिसऱ्या घरची भांडी घासत असते. मग म्हणायचं, लोकांना काही कळत नाही.

आणि सातारा रस्ता विसरलात? २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, सुरू झाली. बस रस्त्याच्या मधोमध आणि माणसं कडेला. थांब्यापर्यंत पोचायचं कसं, हे कागदावर कोणाला सुचलंच नसावं. तेव्हा कॉलेजला जायचे. बस समोर दिसायची आणि मध्ये गाड्यांचा पूर. दोनदा पळताना चप्पल तिथेच राहिली. मला कोणी विचारलं असतं तर मी पाच मिनिटांत सांगितलं असतं.

सदाशिवपेठी
गणेशखिंड रस्त्यावर लोकांना न विचारण्याची परंपरा जुनी आहे. प्लेगच्या वेळी न विचारता घरात घुसले, आणि २२ जून १८९७ ला ह्याच रस्त्यावर चापेकरांनी रँडला उत्तर दिलं. आता आपण धागे काढतो. प्रगती आहे.

माजी ओव्हरसियर
विनोद राहू द्या. लोकांचं ऐकून झालेलं एक चांगलं काम दाखवा.

गणेशखिंडकर
जंगली महाराज रस्ता. २०१६-१७ मध्ये पदपथ रुंद केले तेव्हा किती बोंब झाली होती, पार्किंग गेलं म्हणून. आता संध्याकाळी बाकांवर जागा मिळत नाही.

माजी ओव्हरसियर
मग हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं! लोक ओरडत होते, तरी केलं, म्हणून झालं. विचारत बसले असते तर आजही तिथे गाड्याच लागल्या असत्या.

गणेशखिंडकर
...बरं. हा एक मुद्दा तुमचा. जपून वापरा.

कोथरूडचे काका
जंगली महाराज रस्त्याचं कौतुक चाललंय म्हणून बोलतो. पदपथावर बाक टाकले, पण गाड्या गेल्या कुठे? आजूबाजूच्या गल्ल्यांत. आमच्याकडेही तेच. पुढचा रस्ता "सुधारला" आणि सगळी हॉटेलची गिऱ्हाइकं आमच्या बंगल्यासमोर गाड्या लावायला लागली. चौतीस वर्षं राहतोय इथे. बायकोला डायलिसिसला न्यायचं तर गेटसमोर जीप उभी, मालक डोसा खातोय. शेवटी चार कुंड्या आणून ठेवल्या. हे कोणत्या सभेत मांडू?

दोनचाकीवाली
कुंड्या कुठे ठेवल्या? गेटच्या आत की रस्त्यावर?

कोथरूडचे काका
गेटला लागून.

दोनचाकीवाली
म्हणजे रस्त्यावर. 😀

सदाशिवपेठी
ह्या कुंड्यांवर वेगळा कोश निघेल. आमच्याकडे सिमेंट भरलेले रंगाचे डबे, मध्ये लोखंडी पाइप, त्याला साखळी, साखळीला कुलूप. एकाने तर तुळशी वृंदावन ठेवलंय. हलवायची कोणाची छाती आहे?

पाषाणचा भाडेकरू
मला ह्या कुंडीवाल्या लोकांचा मनापासून राग आहे. तीन वर्षांत दोन घरं बदलली. दोन्ही ठिकाणी बंगल्यासमोरची सार्वजनिक जागा "आमची". एकदा रात्री साडेदहाला पाऊस पडत होता, स्कूटर लावली, फक्त औषध घ्यायला. परत आलो तर सीटवर चिठ्ठी: "सुशिक्षित दिसता. वागा." हवा सोडलेली, दोन्ही चाकांची. आणि हेच लोक उद्या "नागरिक सहभाग" म्हणून पहिल्या रांगेत बसणार. भाडेकरूला कोण बोलावतं? आमचं नावही मतदार यादीत गावाकडेच.

कोथरूडचे काका
हवा मी सोडली नाही. सरसकट बोलू नका. तुम्ही अकरा महिन्यांनी निघून जाता, इथे राहायचं आम्हाला आहे. टॅक्स आम्ही भरतो.

पाषाणचा भाडेकरू
घरमालक तो टॅक्स माझ्याच भाड्यातून भरतो, काका. आणि टॅक्स बंगल्याचा भरता, डांबराचा नाही.

कोथरूडचे काका
डायलिसिसचं वाचलंत का? की तेवढं सोडून वाचलंत?

पाषाणचा भाडेकरू
वाचलं. त्याबद्दल खरंच वाईट वाटतं. पण मग गेटसमोर गाडी लावू नये अशी पाटी आणि टोइंग मागा. कुंडी ॲम्ब्युलन्सलाही अडवते.

दोनचाकीवाली
मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं होतं. आधी पाच रस्त्यांवर पैसे घेऊन पार्किंग करून बघू, असं ठरलं. किती आरडाओरडा झाला! ते पाच रस्ते मग कित्येक वर्षं पैसे घ्यायची वाट बघत राहिले. तेव्हा ओरडणारे आणि कुंड्या ठेवणारे एकच आहेत, असं मी म्हणत नाही. पण कोणी म्हटलं तर अडवणार नाही.

टोरांटोस्थित
आमच्याकडे रस्त्यात बदल करायचा असेल तर आधी घरी पत्र येतं, नकाशासकट. मग...

सदाशिवपेठी
आलात? वाटच बघत होतो. आमच्याकडे झाडाला पत्र येतं. तोडायच्या आधी खोडावर नोटीस चिकटवतात, सात दिवसांत हरकत घ्या म्हणून. झाडाने अजून घेतलेली नाही.

गणेशखिंडकर
हसण्यावारी नेऊ नका, हाच तर मुद्दा आहे. गणेशखिंड रस्त्याच्या रुंदीकरणात झाडं जाणार म्हणून २०२३ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. ओव्हरसियर म्हणतील, बघा, अडवलं. अहो, आराखडा पक्का झाल्यावर पहिल्यांदा कळलं तर माणूस कोर्टातच जाणार. वडाला वळसा घालून पदपथ नेता येईल का, हे कागदावर असताना विचारलं तर खोडरबराने काम भागतं. शिवाय मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार. गाऱ्हाणं सांगायला दारसुद्धा नव्हतं.

माजी ओव्हरसियर
नगरसेवक असताना दारं होती म्हणता? सहभागाचं अंदाजपत्रक तर पुण्यात २००६-०७ पासून आहे. फॉर्म भरा, काम सुचवा. ह्या धाग्यावर कितींनी भरलाय?

(दोन तास कोणी बोललं नाही, हे नमूद करतो.)

दोनचाकीवाली
नाही भरला. पण त्या फॉर्मवर बाक, दिवा, पदपथाचा तुकडा मागता येतो. दुमजली पूल नको, असं लिहायला रकाना कुठाय?

पाषाणचा भाडेकरू
आधी राहत होतो त्या शहरात असाच एक अर्ज केला होता, शाळेसमोर झेब्रा पट्टे मारा म्हणून. वर्षभराने स्वागत कमान आली. पट्टे नाहीत. कमानीखाली मुलं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात.

माजी ओव्हरसियर
कमानीचं समजू शकतो. कमानीला उद्घाटन असतं, पट्ट्याला नसतं. हे आत बसून बघितलंय, नाकारत नाही.

आणि ती सभा मंगळवारीच होती. दुपारी बाराला. मुलीने आत्ता वाचून विचारलं, "बाबा, आईला बोलावलं होतंत का?" ती त्याच रस्त्याने रोज शाळेत शिकवायला जायची. नव्हतं बोलावलं. तरी सांगतो, विचारून सगळं सुटत नाही. कुंड्यांवरून इथेच बघा काय झालं ते.

गणेशखिंडकर, तो गज नक्की कुठे आहे? रविवारी पुण्यात आहे.

गणेशखिंडकर
रविवारी बऱ्याच जणींना सुट्टी असते. सोमवारी या, सकाळी सातला. गाडी आणू नका, लावायला जागा नाही.

कोथरूडचे काका
गाडी आमच्याकडे लावा. तिथून रिक्षाने जा. एक कुंडी बाजूला करतो. एका दिवसापुरती.